एक वेलांटी कमी

रजेच्या अर्जात कारण लिहिलं : ताप.
एक वेलांटी गाळली, एवढंच खोटं.
सकाळच्या एस.टी.नं दोंडाईचा सोडलं
आणि तापीच्या पुलावर धुकं इतकं
की कंडक्टर 'सारंगखेडा' ओरडला तरी
कुणी जागचं उठेना.

आधी लिदीचा वास आला.
मग खिंकाळणं.
मग घोडे.

किती म्हणाल, तर हंगामात आमच्या जिनच्या फाटकाशी
कापसाच्या गाड्या लागतात ना, तितके,
आणि प्रत्येक गाडी वाफ सोडतेय, कान हलवतेय.
एक व्यापारी दातवण चावत म्हणाला,
'घेवाले उनी का देखाले?'
'देखाले.'
'मंग दूरथाईन देख.'

दूर काही राहवलं नाही.

दुपारपर्यंत इतकं कळलं :
कान वर जुळले की भाव चढतो.
छातीवरचा भोवरा देवमण, त्याचे वेगळे पैसे.
सौदा रुमालाखाली होतो, बोटं बोटांना मोजतात,
वर तोंडं मात्र केळीच्या भावावर बोलत असतात.
आणि डोळ्याखाली भोवरा असेल तर आसूढाळ.
तसलं जनावर फुकट दिलं तरी
कुणी दारी बांधत नाही.

ढोलावर एक नुकरा खाटेवर नाचला.
चारही पाय, घुंगरांसकट, त्या एवढ्याशा खाटेवर!
लोकांनी दहा-दहाच्या नोटा उधळल्या.
मीही टाळ्या वाजवल्या,
पण त्याच्या डोळ्यांत नाच नव्हता,
खाटेची मापं होती.

कळण्याची भाकर, भरीत, वर ठेचा.
डोळ्यांतून धारा लागल्या तशी
भरीतवाली सोनाबाई ओरडली,
'देखा रे, आसूढाळ!'
सगळी पंगत हसली. मीही.
पदरानं डोळे पुसताना
हसू जरा आखूड झालं, ते कुणाला दिसलं नाही.

ती घोडी शेवटच्या खुंट्याला होती.
कुमैत, हाडं वर आलेली,
उजव्या डोळ्याखाली भोवरा, जणू
कुणी बोट टेकवून विसरून गेलं.
मालक, सत्तारभाई, तिला विकायच्या भानगडीत नव्हताच.
म्हणत होता, बसून दाखवा, शंभर रुपये घ्या.
सकाळपासून सहा जण पडले होते.
सातवा माझ्यासमोर पडला, मिशीवाला,
उठून आधी मोबाइल शोधला, मग टोपी.

तेव्हा चारा वाहणारा पोरगा पुढे आला.
धडगावकडचा, गिमल्या नाव, असेल चौदाचा.
खोगीर नको म्हणाला. चाबूकही नको.
'पडनास मंग?' सत्तारभाईनं विचारलं.
त्यानं खांदे उडवले, पेंढी खाली ठेवली
आणि घोडीच्या मानेशी काहीतरी बोलला
पावरीत. आम्हाला कळलं नाही.
तिला कळलं की नाही, तेही
सांगता येत नाही.

ती उसळली. एकदा, दोनदा.
तिसऱ्यांदा इतकी उभी राहिली
की पोरगा तिच्या पाठीवर नाही,
आभाळाला टेकून बसल्यासारखा दिसला.
आणि मग कसलाही नाच न करता,
गर्दी, ढोल, जिलबीचं दुकान, सगळं फाडत
ती सरळ नदीकडे सुटली.

आम्ही धावलो. मी, चप्पल हातात घेऊन,
चाळिशी उलटलेली, जिनची हिशेबनीस, धावले.

पाणी पोटाला लागल्यावर ती थांबली.
प्यायली. सावकाश. कितीतरी वेळ.
काठावरून सगळे ओरडत होते, 'उतर रे! उतर!'
सत्तारभाई शंभराची नोट हलवत होता.
पोरगा तिच्या मानेवर आडवा पडला होता,
गाल तिच्या गालाला,
कुठल्या बाजूचा ते इथून दिसत नव्हतं.

ऊन खाली आलं. थंडी सुटली.
लोक कंटाळून पाळण्यांकडे वळले.
माझी शेवटची गाडी पुलावर चढली
तेव्हा खाली पाण्यात ती दोघं
अजून तशीच होती, एकाच रंगाची.

सकाळी जिनमध्ये भावसार साहेबांनी
वहीतून मान वर न करता विचारलं,
'काय, उतरला का?'

माझ्या केसांत वाळू होती.
मला वाटलं, त्या पोराचं विचारताहेत.
म्हटलं, अजून नाही.